गर्दी पेठेची, गल्ला कुणाचा?

आमच्या जबलपुरात राइट टाउनच्या स्टेडियमवर किंवा रानीतालला हॉकीची स्पर्धा लागली, की संध्याकाळी पायऱ्यांवर हवं तिथं बसता येतं. तिकीट नसतं. खेळाडूंची भावंडं, एखाद्या शाळेतली पोरं, फॅक्टरीतून निवृत्त झालेले दोन-चार जुने खेळाडू, एवढीच माणसं. आणि हे त्या शहरात, जिथे १९०८ साली रूपसिंह जन्मले. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंहांचे होते.

आता कोल्हापूरकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत जबलपूर शहराची वस्ती साडेदहा लाखांच्या घरात होती, कोल्हापूरची साडेपाच लाखांच्या. तरी पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार तालीम मंडळ यांची शाहू स्टेडियमवर गाठ पडायची असली, की तिकीट काढून हजारो माणसं येतात. उन्हात, दगडी पायऱ्यांवर, झेंडे घेऊन. खेळ फुटबॉलचा, खेळणारे बहुतेक पेठेतलेच. टीव्हीवर युरोपातले सामने फुकटात दिसत असताना लोक हे पाहायला येतात.

निम्म्या वस्तीच्या गावात इतकी गर्दी कशी, हे पहिलं कोडं. दुसरं त्याहून अवघड आहे. एवढी गर्दी जमूनही कोल्हापुरातला कुठलाच संघ तिकिटांवर गब्बर झालेला नाही. माणसं येतात, मग पैसा जातो कुठे? आणि पैसा येत नसेल, तर हे संघ पिढ्यानपिढ्या टिकतात कसे?

या कोड्याशी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झुंजलेली गावं इंग्लंडच्या उत्तरेला आहेत. तिथला खेळ रग्बी लीग. त्यांचा हिशोब समजला, की आपलाही उलगडतो.

बस भरो न भरो, डिझेल तेवढंच

जबलपूरहून नागपूरला बस निघते. चाळीस उतारू असोत की बारा, डिझेल, चालकाचा पगार, टोल, टायरची झीज यांत फारसा फरक पडत नाही. क्लबाचा सामनाही असाच असतो. मैदानाचं भाडं, पंच, खेळाडूंचं मानधन, रुग्णवाहिका हा सगळा खर्च पहिला प्रेक्षक आत येण्याआधीच ठरलेला असतो. हजारावा प्रेक्षक आला म्हणून खर्च जवळजवळ वाढत नाही, आणि आला नाही म्हणून कमीही होत नाही.

समजा, एका काल्पनिक क्लबाचे वर्षात दहा घरचे सामने आहेत. तिकीट पन्नास रुपये, सरासरी प्रेक्षक चार हजार. वर्षाचा गल्ला वीस लाख रुपये. आता वीस खेळाडूंना महिना पंधरा हजार द्यायचे ठरवले, तर वर्षाचे छत्तीस लाख होतात. पंधरा हजार म्हणजे काही ऐषाराम नव्हे, तरुण माणसाचं जेमतेम पोट भरेल एवढा पैसा. म्हणजे प्रवास, मैदान, औषधपाणी यांचा विचार करण्याआधीच सोळा लाखांचा खड्डा. सरासरी गर्दी हजारानं वाढली तर पाच लाख जास्त मिळतात आणि ते जवळजवळ निव्वळ नफ्याचे. हजारानं घटली, किंवा पावसानं दोन सामने धुऊन नेले, तर तो तोटाही तसाच निव्वळ.

म्हणून लहान गावातल्या क्लबाला गर्दीच्या आकड्यापेक्षा तिच्या भरवशाची जास्त गरज असते. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवतात, तसं क्लबाला हंगामाआधी पैसा हवा असतो. विलायतेत त्यासाठी हंगामी तिकीट असतं. सगळ्या सामन्यांचे पैसे एकदम आधी द्यायचे, बदल्यात सवलत घ्यायची. प्रेक्षकाचे चार पैसे वाचतात, पण मोठा फायदा क्लबाचा होतो, कारण पावसाची आणि पराभवाची जोखीम त्याच्या डोक्यावरून उतरते. संघ सलग पाच सामने हरला तरी ते पैसे आलेलेच असतात.

बुडालेल्या मजुरीतून जन्मलेला खेळ

रग्बी लीगचा जन्मच पैशाच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडात रग्बी खेळणारे बरेच जण खाणीत आणि कापड गिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामना असला की कामाचा खाडा व्हायचा आणि मजुरी बुडायची. ती भरून देऊ द्या, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. खेळ चालवणाऱ्या संघटनेला ती मान्य नव्हती, कारण खेळ पैशासाठी खेळायचा नसतो हे तिचं तत्त्व होतं. ज्याला आठवडाभर काम करावं लागत नाही, त्याला असं तत्त्व परवडतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेकडचे क्लब वेगळे निघाले.

वेगळे निघाल्यावर खेळाडूंना पैसे द्यायचे, तर ते तिकिटातूनच उभे करायला हवेत, हे उघड होतं. मग खेळच प्रेक्षकासाठी बदलू लागला. १९०६ मध्ये संघातले खेळाडू पंधरावरून तेरा केले, मैदानात मोकळी जागा झाली आणि चेंडू जास्त पळू लागला.

या खेळाचं खरं रूप पाहायचं तर वेस्ट यॉर्कशायरमधल्या फेदरस्टनला जावं. कोळशाच्या खाणीचं पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. आपल्याकडे एवढ्या गावाला तालुक्याचा मान मिळेलच असं नाही. तिथल्या फेदरस्टन रोव्हर्स क्लबाच्या मैदानावर १९५९ साली सेंट हेलन्सविरुद्धच्या सामन्याला १७,५३१ माणसं होती. गावापेक्षा मैदान मोठं झालं होतं! या क्लबानं देशातला मानाचा चॅलेंज कप १९६७, १९७३ आणि १९८३ असा तीनदा जिंकला.

पण १९८३ च्या विजयानंतर दोनच वर्षांत, खाण कामगारांचा मोठा संप मोडल्यावर, गावातली ॲक्टन हॉल खाण बंद झाली. क्लबाच्या वहीत या घटनेची नोंद कुठल्या रकान्यात करायची? क्लबाचा रुपया काही खाण देत नव्हती. खाण गावाला मजुरी देत होती, गाव त्यातलं थोडं शनिवार-रविवारी तिकीटखिडकीवर ठेवत होतं. ओढ्याला पाणी वरून येतं. डोंगरावरचा झरा आटला, तर खाली मोट कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो.

१९९५ मध्ये टीव्हीचा पैसा आला. रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीनं पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड देऊ केले आणि त्यावर पुढच्या वर्षीपासून 'सुपर लीग' उभी राहिली. त्यासाठी लहान क्लब एकत्र करायचे, असा बेत होता. फेदरस्टन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड मिळून 'काल्डर' नावाचा एकच क्लब करायचं ठरत होतं. कागदावर हिशोब बिनचूक होता. तीन गावांचे प्रेक्षक एका मैदानावर आले, की मोठा क्लब तयार. पण तिन्ही गावचे लोक भडकले आणि बेत बारगळला.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाटाकडील आणि दिलबहार एकत्र करून 'कोल्हापूर युनायटेड' काढा, असं कुणी सुचवलं, तर दोन्हीकडचे प्रेक्षक मिळून दुप्पट होतील का? निम्मेही उरणार नाहीत. कारण माणूस फुटबॉल पाहायला जितका येतो, त्याहून जास्त तो समोरच्या पेठेला हरवायला येतो. माझ्या मते पहिल्या कोड्याचं उत्तर इथे आहे. जबलपुरातल्या त्या हॉकी सामन्यात समोरासमोर असतात दोन खात्यांचे संघ किंवा दोन अकादमी. खात्याला पेठ नसते.

जोड लागली तरच मैदान रंगतं

कोल्हापूरनं हे शहाणपण फुटबॉलच्या आधी तांबड्या मातीत कमावलं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथलं प्राचीन रोमन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधे आखाडा, भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या, कुठेही बसलं तरी कुस्ती नीट दिसेल अशी रचना.

कुस्तीत सर्वांत महत्त्वाचा शब्द 'जोड'. मैदान भरवणाऱ्याचं अर्धं कौशल्य जोड लावण्यात असतं. तोलामोलाचे मल्ल समोरासमोर आणले तर लोक लांबून येतात. बलाढ्य मल्लासमोर किरकोळ पोरगा उभा केला, तर एका मिनिटात चितपट होते आणि पैसे देणारा चिडतो. बलाढ्य मल्ल कितीही मोठा असो, त्याची किंमत समोरच्याच्या ताकदीवर ठरते. दुकानदाराला शेजारचं दुकान बुडालेलं चालतं, क्लबाला शेजारचा क्लब बुडालेला चालत नाही. धंद्यांमध्ये खेळाचा धंदा वेगळा आहे तो इथे.

अमेरिकेतल्या 'अमेरिकन फुटबॉल'वाल्यांनी हे नेमकं ओळखलं. तिथल्या राष्ट्रीय लीगमध्ये १९६१ पासून टीव्हीचा देशभरचा पैसा सगळ्या क्लबांत समान वाटला जातो. म्हणूनच ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावाचा 'पॅकर्स' संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांशी झुंजू शकतो. त्या क्लबाला एक मालकच नाही. १९२३ पासून अधूनमधून लोकांना भाग विकले गेले, आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, तो भाग नफ्यासाठी विकताही येत नाही. आपल्या भाषेत ती वर्गणीची पावतीच, फक्त जरा देखणी. आणि क्लब गावाबाहेर हलवायचा, तर तो विकत घ्यायला कुणी एक मालक समोर सापडतच नाही.

चौकट : क्लबाची वही वाचताना

क्लबाची तब्येत पाहायची असेल, तर सरासरी प्रेक्षकसंख्येच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. हंगाम सुरू होण्याआधी किती पैसा हातात होता? एकूण उत्पन्नातला किती वाटा एकाच खिशातून येतो? आणि खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या किती टक्के आहे? पहिला आकडा लहान आणि बाकीचे दोन मोठे असतील, तर मैदान ओसंडून वाहत असतानाही क्लब कडेलोटाजवळ उभा असतो. ब्रॅडफर्ड बुल्सनं २००५ मध्ये सुपर लीगचं विजेतेपद मिळवलं, २०१२ मध्ये त्यांचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये ती कंपनीच मोडीत निघाली.

शेजारच्या मंडळाचा मंडप

विजेता क्लब बुडतो कसा? याचं उत्तर गणेशोत्सवात आहे. शेजारच्या मंडळानं यंदा मोठी मूर्ती आणली, की आपल्याला त्याहून मोठी हवी. त्यांनी रोषणाई केली, आपण ध्वनियंत्रणेची भिंत लावायची. पाच वर्षांनी दोन्ही मंडळांचा खर्च तिप्पट होतो आणि गल्लीतली माणसं तेवढीच राहतात. कुणीही मूर्खपणा केलेला नसतो. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाण्यासारखाच वागत असतो.

क्लबांत हेच खेळाडूंच्या बाबतीत होतं. एका संघानं भारी खेळाडू आणला, की दुसऱ्याला आणावा लागतो. जिंकणार तर एकच, पण खर्च सगळ्यांचा वाढतो. कोल्हापुरातही आता ही चढाओढ आली आहे. पेठेतल्या पोरांच्या संघांत बाहेरच्या जिल्ह्यांतले, बाहेरच्या राज्यांतले, थेट आफ्रिकेतले खेळाडू दिसू लागले. खेळाचा दर्जा वाढला, हे खरं. निखिल कदमसारखा कोल्हापूरचा खेळाडू मोहन बागानपर्यंत गेला, अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, या मातीत गुण आहे हेही खरं. पण बाहेरच्या खेळाडूला राहायला खोली लागते, महिन्याला पैसे लागतात. पेठेतला पोरगा घरी जेवतो, आणि तो जखमी झाला तर गल्लीतला डॉक्टर त्याला तपासतो. कोल्हापूरच्या क्लबांचा मोठा खर्च असा पैशांत मोजलाच जात नव्हता. त्यांच्या टिकण्याचं गुपित हेच होतं. वर्गणी, एखाद्या नेत्याचा हातभार, स्पर्धेचं बक्षीस आणि उरलेलं सगळं पेठेच्या अंगमेहनतीतून.

इथे दुसऱ्या कोड्याचंही उत्तर मिळतं. कोल्हापुरातल्या क्लबांचं स्वतःचं मैदान नाही. सगळे सामने सामायिक शाहू स्टेडियमवर होतात, तेव्हा तिकीटखिडकीही क्लबाची स्वतःची नाही. गर्दी क्लब ओढतो, पण गल्ल्याची चावी त्याच्याकडे नसते. मोठमोठे चषक राजकीय पुढाऱ्यांच्या नावानं भरतात. पुढाऱ्यांचा आधार वाईट असतो असं मी म्हणत नाही, त्यावर कित्येक हंगाम पार पडले आहेत. पण निवडणुकीचं वर्ष आणि त्यानंतरचं वर्ष यांत हात सारखा सैल राहीलच, याची हमी कुणी देत नाही. खेळाडूंचा ठरलेला खर्च वाढवून ठेवायचा आणि तो असल्या अनिश्चित पैशावर टांगायचा, याची मला खरोखर काळजी वाटते. किती बाहेरचे खेळाडू घ्यायचे यावर सगळ्यांनी मिळून पाळायची मर्यादा जितकी कडक, तितकं ते सगळ्याच पेठांच्या हिताचं. गणपती मंडळांनी मूर्तीची उंची आपसांत ठरवून घ्यावी, तसंच हे.

मोठ्या शहरांतल्या कंपन्यांच्या क्लबांकडे पैशाची वाण नव्हती, पण ते टिकले नाहीत. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१५ मध्ये पुणे एफसीनं गाशा गुंडाळला, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीनं. महिंद्रा तर देशातल्या नावाजलेल्या संघांत गणला जायचा. पण कंपनीच्या बैठकीत एक ठराव झाला, की अशा क्लबाचं आयुष्य संपतं. त्याच्यामागे रडणारी पेठ नसते.

पगार कुणाच्या खिशातून

आणि जबलपूर? आमच्याकडे खेळ तिकिटावर कधी चाललाच नाही. तो नोकरीवर चालला. रूपसिंहांचंच पाहा. जन्म जबलपूरचा, पण त्यांना पोसलं ते ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या लष्करानं. ग्वाल्हेरच्या स्टेडियमला आजही त्यांचं नाव आहे. संस्थानं गेली, त्यांची जागा सरकारी खात्यांनी घेतली. जबलपुरात १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी, शिवाय रेल्वे आणि लष्कर. पोरानं हॉकी चांगली खेळावी, खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागावं, दिवसा कामावर आणि संध्याकाळी मैदानावर असावं, हा इथला शिरस्ता. कोल्हापुरातल्या कुस्तीचंही असंच झालं. संस्थानचा आश्रय संपल्यावर साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन द्यायला सुरुवात केली.

या पद्धतीचे उपकार मोठे आहेत. गरीब घरातल्या कित्येक पोरांना तिनं पेन्शनीपर्यंत नेलं, हे मी स्वतःच्या ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. कुठल्याही तिकीटखिडकीनं एवढं केलं नसतं. पण तिची एक किंमत होती. खेळाडूला पगार फॅक्टरी देत असल्यामुळे प्रेक्षकाची गरजच उरली नाही. कुणी दारोदार फिरून वर्गणी मागितली नाही, कुणी हंगामी तिकीट छापलं नाही. ज्याला मागावं लागत नाही, त्याची ओळखही होत नाही. आता १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांचं जुनं मंडळ जाऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या आहेत. कंपनीला ताळेबंद असतो आणि त्यात हॉकी संघाचा रकाना कुणाच्या तरी नजरेत भरू शकतो. फेदरस्टनची खाण आणि जबलपूरची फॅक्टरी यांची तुलना मी ओढूनताणून करत नाही, फॅक्टऱ्या चालू आहेत. पण एकाच खिशावरचा खेळ किती हलका असतो, हे तिथे दिसलं आहे.

वितळवलेले रुपये

याच देशात एका रग्बी क्लबानं आपला हिशोब फार लवकर पूर्ण केला. १८७३ मध्ये कलकत्त्यात गोऱ्या साहेबांनी 'कलकत्ता फुटबॉल क्लब' काढला. सुरुवातीला सदस्यांची गर्दी झाली. मग पलटण बदलून गेली, फुकटची दारू बंद झाली, पोलो-टेनिसकडे लोक वळले आणि मैदान ओस पडू लागलं. बँकेत मात्र पैसे शिल्लक होते! तेव्हा उरलेल्या सदस्यांनी २७० चांदीचे रुपये काढले, ते वितळवून नागाच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. तिजोरीत चांदी होती, पण गावात मुळं नव्हती. बदलीवर आलेल्या माणसांचा क्लब बदलीबरोबर गेला.

जबलपुरात मुळं आहेत. रांझी आहे, खमरिया आहे, गढा आहे, सदर आहे, गोलबाजाराच्या आसपासची आमची जुनी मराठी घरं आहेत. या वस्त्यांना एकमेकांविषयी पुरेशी ईर्ष्याही आहे. खात्यांचे संघ राहू देत, त्यांच्या जोडीला वस्त्यांच्या नावांचे संघ उभे करून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. एका वस्तीतल्या दोन हजार घरांनी वर्षाला तीनशे रुपये दिले, तर सहा लाख होतात. त्यात पगार भागणार नाहीत आणि भागवायचा प्रयत्नही करू नये. नोकरीचा आधार खेळाडूला राहू दे. पण काठ्या, चेंडू, गोलरक्षकाचा साज, प्रवास, पंचांचं मानधन यांना हा पैसा पुरवता येईल, आणि तो हंगामाआधी हातात असेल. शिवाय संघातलंच एखादं पोरगं पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहिलं, तर तीनशे रुपये देता देता घरातलं कुणीतरी त्याला नक्की विचारेल, की रविवारी सामना किती वाजता आहे आणि समोर कोण आहे.